गॅरेजवाला मामा आपल्याला 'मामा' तर बनवत नाही ना?

वॉरंटी संपलीये, सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट बघून घाम फुटलाय आणि कोपऱ्यावरचं गॅरेज खुणावतंय... पण गाडीतलं ओ की ठो कळत नसताना विश्वास ठेवायचा तरी कसा? एका ब्रेकच्या निमित्ताने केलेला हा गॅरेजशोध!

शनिवार, सकाळचे साडेदहा. कार कंपनीच्या चकाचक सर्व्हिस सेंटरचा गारेगार लाउंज. हातात मशीनची (फुकट!) कॉफी, समोर टीव्हीवर कुठलीशी मॅच आणि मी एकदम निवांत. तेवढ्यात टॅबलेट सावरत सर्व्हिस ॲडव्हायझर आला. चेहरा असा, की आयसीयूतून बाहेर आलेला डॉक्टरच जणू. 'मॅडम, एस्टिमेट जरा वाढलंय...'

किती? १८ हजार ५००!

कॉफी घशातच अडकली. माझी गाडी म्हणजे २०१६ ची हॅचबॅक. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतलेली, ७२ हजार किलोमीटर पळालेली, पण स्वतःच्या कमाईची आणि आयुष्यातली पहिली. मी यादी वाचायला घेतली. नेहमीची सर्व्हिसिंग ५,२००. पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क ७,४००. गाडीच्या पोटाला कोटिंग २,९००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२५०. एसी डिसइन्फेक्शन १,१००. आणि इंजिन ड्रेसिंग ६५०. (ड्रेसिंग म्हणजे सॅलडवर घालतात तेच मला माहीत होतं. इंजिनाला ते का लागतं, हे विचारायचा धीर झाला नाही.)

'कोटिंग वगैरे राहू द्या हो,' मी जमेल तेवढ्या आत्मविश्वासाने म्हटलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, 'ते तुमच्यावर आहे मॅडम. पण ब्रेकचं काम आहे. रिस्क घेऊ नका.'

झालं! माझी बोलतीच बंद. कारण पुढच्याच शनिवारी आई-बाबांना घेऊन मी श्रीवर्धनला निघणार होते. ताम्हिणी घाटातून. मागच्या सीटवर आई, शेजारी बाबा आणि स्टेअरिंगवर मी. 'हो' म्हणावं तर उगाच लुटले जातेय की काय ही शंका. 'नको' म्हणावं आणि घाटात ब्रेक लागलाच नाही तर? हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघता निघत नाही. शेवटी 'घरी विचारून सांगते' असं म्हणून (वय वर्षे २८, तरीही!) मी गाडी तशीच परत आणली.

एक गाडी, दहा मतं

घरी आल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकांनी निकालच दिला. 'शोरूमला कशाला जातेस? आपल्या मामाकडे टाक. वीस वर्षं माझी गाडी तिथंच असते.' मामा म्हणजे सिंहगड रोडच्या एका गल्लीत गॅरेज चालवणारे गृहस्थ. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते.

लगेच आयटीतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती किंचाळलीच. 'वेडी आहेस का? बाहेरच्या गॅरेजला गाडी? माझ्याकडून नवीन पार्टचे पैसे घेतले आणि आत जुनाच साफसूफ करून बसवला होता. सहा महिन्यांनी कळलं!'

आता काय करायचं? काका खोटं बोलत नव्हते आणि मैत्रीणही नाही. पण काकांच्या वीस वर्षांनी माझ्या ब्रेकचं काही ठरत नव्हतं आणि मैत्रिणीच्या फसवणुकीवरून मामा चोर ठरत नव्हते. ओळखीच्यांची शिफारस गॅरेजच्या दारापर्यंत नेते. आत शिरल्यावर डोळे आपलेच उघडे ठेवावे लागतात.

'कळत नाही' हाच तर खरा लोचा

विचार करा. हॉटेलात मिसळ बेचव निघाली, तर पहिल्या घासाला कळतं. शर्टचा रंग गेला, तर पहिल्या धुण्याला कळतं. पण गाडीचं ऑइल खरंच बदललं का? पॅड खरोखरच संपले होते का? सर्व्हिसिंगनंतर गाडी छान पळते, तेव्हाही आपल्याला हे कळत नाही. कदाचित ती आधीही छानच पळत असेल!

अर्थशास्त्रात या प्रकारावर चक्क अभ्यास झालाय. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. काही सेवा अशा असतात, की त्या वापरून झाल्यावरही त्यांची खरोखर गरज होती का, हे गिऱ्हाइकाला धड ठरवता येत नाही, असं त्यांनी मांडलं. त्यात त्यांच्यासमोरचं नेहमीचं उदाहरण होतं गाडीच्या दुरुस्तीचं. कारण इथे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो. डॉक्टरच केमिस्ट निघाला तर प्रिस्क्रिप्शन लांबणारच ना!

आणि हा लोचा फक्त गल्लीतल्या गॅरेजचा नाही बरं का. तो लाउंजमध्येही आहे. तिथे फक्त सोबत कॉफी मिळते.

शोरूम म्हणजे देव नाही, गॅरेज म्हणजे चोर नाही

अधिकृत सर्व्हिस सेंटर महाग का असतं? मोठी जागा, एसी, युनिफॉर्ममधला स्टाफ, कंपनीचं ट्रेनिंग, महागडी स्कॅनिंग मशिन्स. याचा खर्च तुमच्या-आमच्याच बिलातून निघतो, आणि त्यात गैर काही नाही. पण कोटिंग, ड्रेसिंग, डिसइन्फेक्शन अशा जास्तीच्या गोष्टींवर तिथल्या धंद्याचा बराच डोलारा असतो. त्यातलं काय घेणं गरजेचं आहे, याचं उत्तर तुमच्या ग्लव्ह बॉक्समध्ये पडलंय. गाडीसोबत मिळालेलं आणि आपण कधीच न उघडलेलं ओनर्स मॅन्युअल! किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, याचा तक्ता त्यात छापलेला असतो. मी माझं उघडलं. 'इंजिन ड्रेसिंग' हा शब्द त्यात नव्हता.

दुसरीकडे, गल्लीतल्या गॅरेजचं भाडं कमी, मजुरी कमी, आणि पार्ट बऱ्याचदा तोच. हो, तोच! कार कंपन्या सगळे पार्ट स्वतः बनवत नाहीत. स्पार्क प्लग बॉश, एनजीके किंवा डेन्सोचा असतो. तो कार कंपनीच्या खोक्यातून आला की एक किंमत, प्लग कंपनीच्या खोक्यातून आला की दुसरी. पुण्यात नाना पेठेत चक्कर मारली तर एकाच पार्टचे तीन भाव ऐकायला मिळतात. कंपनीचा, 'ओईएम'चा (म्हणजे कार कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा) आणि लोकल. पहिल्या दोघांत फरक बहुतेक खोक्याचा. तिसऱ्याच्या वाटेला ब्रेकसाठी तरी जाऊ नये.

या खोक्यांच्या राजकारणावरून देशात मोठी लढाईही झालीये. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली, की कार कंपन्या ओरिजिनल पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळूच देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांत अडकलं, ते वेगळं. पण त्या आदेशातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. निव्वळ बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आयोगाने म्हटलं होतं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या अवजारांच्या जोडीला वाहनंही आहेत.

म्हणजे मामाकडे जाणं हा काही गुन्हा नाही. पण मामा भरवशाचे आहेत का, हे काही आयोग सांगत नाही!

मामांची तोंडी परीक्षा

सोमवारी मी गाडी न नेताच, नुसती बघायला गेले. दहा मिनिटं समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि निरीक्षण केलं. (मास कॉमच्या डिग्रीचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला असेल.)

काय बघायचं? एक, जॅकवर चढवलेल्या गाडीखाली शिरताना पोरं स्टँड लावतात का. जो स्वतःच्या पोराच्या जिवाशी खेळतो, तो तुमच्या गाडीशी काय करेल? दोन, खोललेले नट-बोल्ट ट्रेमध्ये ठेवतात की जमिनीवर. तीन, गाड्या कसल्या आहेत? तुमच्याच कंपनीच्या दोन-तीन दिसल्या तर उत्तम, कारण तो हात त्या गाडीवर बसलेला असतो. चार, काळं ऑइल पिंपात जमा होतंय की गटारात जातंय. आणि पाच, गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला की मालक उत्तर देतो, की 'ते तुम्हाला नाही कळणार' म्हणतो?

मामांच्या गॅरेजमध्ये स्टँड होते, ट्रे होते, पिंपही होतं. भिंतीवर गणपती, शेजारी ओबीडी स्कॅनर. हा स्कॅनर स्टेअरिंगखालच्या पोर्टला जोडला की गाडीचा कॉम्प्युटर तक्रारीचे कोड सांगतो. अलीकडच्या गाड्यांवर काम करणाऱ्याकडे तो हवाच. मात्र एक लक्षात ठेवा. कोड म्हणजे निदान नव्हे. 'अमुक सेन्सरकडून सिग्नल येत नाही' एवढंच तो सांगतो. सेन्सर गेलाय, वायर तुटलीये की कनेक्टर सैल झालाय, हे शोधायला माणूसच लागतो. कोड बघून थेट चार हजारांचा सेन्सर बदलायला निघालेल्याला आधी एवढंच विचारा, 'वायर तपासली का?'

आधी छोटं काम, मग मोठं

मंगळवारी गाडी टाकली. पण ब्रेकसाठी नाही! फक्त ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर. हा फंडा काकूंचा. 'नव्या शिंप्याकडे आधी पडद्याला शिवण घालायला द्यावी, मग पैठणीचं ब्लाउज.'

ऑइलची सर्व्हिसिंग ही पहिल्या परीक्षेला बेस्ट, कारण ती आपल्यालाही तपासता येते. जुन्या ऑइल फिल्टरवर आदल्या रात्री मार्करने बारीकशी खूण केली. (बॉनेट उघडायलाच पंधरा मिनिटं लागली, पण कुणाला सांगू नका.) गाडी देताना किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढला. जुने पार्ट परत हवेत, असं आधीच सांगितलं. नंतर मागितले तर 'भंगारात गेले' हे उत्तर तयार असतं. आणि ऑइलचा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडा, असंही.

इथे पहिली ठिणगी पडली. मामा म्हणाले, 'ताई, गाडी सत्तर हजार पळालीये. जाड ऑइल टाकू, २०डब्ल्यू-५०. इंजिनचा आवाज कमी येईल.' मी मॅन्युअल पुढे केलं. त्यात ५डब्ल्यू-३० लिहिलं होतं. आता हे आकडे म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा गरम इंजिनात ते किती दाट राहतं ते. हल्लीच्या इंजिनांमधल्या फटी इतक्या बारीक असतात, की जाड ऑइल वेळेवर पोचत नाही आणि ॲव्हरेजही बोंबलतं. मामांनी चष्मा लावून पान वाचलं, दोन सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, 'बरोबर आहे. आमच्या जुन्या गाड्यांची सवय.' डबा बदलून आणला.

खरं सांगू? मामा चुकले याचं मला काहीच वाटलं नाही. चूक दाखवल्यावर ते चिडले नाहीत, याने माझे अर्धे मार्क त्यांना गेले.

संध्याकाळी खुणेचा फिल्टर माझ्या हातात होता, डिपस्टिकवर सोनेरी ऑइल होतं आणि बिल होतं ३,४०० रुपये. परीक्षेचा पहिला पेपर पास!

आणि मग ब्रेक

आता मुख्य सवाल. मी मुद्दामच सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटबद्दल बोलले नाही. फक्त म्हटलं, 'मामा, शनिवारी घाटात जायचंय. ब्रेक बघता का?' ही युक्ती लक्षात ठेवा. रोगाचं नाव आपणच सांगितलं की समोरचा 'हो, तेच आहे' म्हणून मोकळा होतो. आपण फक्त लक्षण सांगायचं. आवाज येतो का, कधी येतो, गाडी एका बाजूला ओढते का, पेडल खोल जातं का.

मामांनी चारही चाकं उतरवली. पुढच्या पॅडवर मोजपट्टी ठेवून दाखवली. ६ मिलिमीटर. नवीन पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो आणि ३ च्या आसपास आला की बदलायचा. म्हणजे माझा अर्धा शिल्लक होता. डिस्कही गुळगुळीत, कडेला धार नाही. 'अजून आरामात चालतील. कशाला बदलता?'

मी मनातल्या मनात नाचणार, तेवढ्यात मामा मागच्या चाकाकडून ओरडले. 'ताई, इकडे या!'

मागचा ड्रम उघडलेला. आत ब्रेक ऑइलचा ओलसर, काळपट थर. व्हील सिलिंडर गळत होता. हा सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा छोटासा भाग. तो गळायला लागला की हळूहळू ऑइल कमी होतं आणि लायनर तेलकट होऊन त्या चाकाची पकड जाते. शहरात चाळीसच्या स्पीडला जाणवतही नाही. घाटाच्या उतारावर मात्र...

पुढचं वाक्य मामांनी पूर्ण केलं नाही. मीही विचारलं नाही.

सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये हे नव्हतंच! त्यांनी बदलायला सांगितलेले पॅड चांगले होते आणि गळणारा सिलिंडर यादीत नव्हता. मी ७,४०० रुपये भरून निश्चिंत मनाने घाटात शिरले असते. अर्थात, ड्रम उघडल्याशिवाय ती गळती दिसत नाही, आणि ॲडव्हायझरने एस्टिमेट बनवलं तेव्हा ड्रम उघडलेला नव्हता. लबाडी म्हणा, घाई म्हणा. माझ्या दृष्टीने परिणाम एकच.

पण थांबा. आता मी मामांवर आंधळा विश्वास ठेवायचा का? मैत्रीण कानात ओरडतच होती. मी धीर करून म्हटलं, 'मामा, राग मानू नका, पण मी अजून एकाला दाखवून आणते.' मामांनी ड्रम परत बसवला. 'दाखवा की. फक्त हळू चालवा, आणि लांब जाऊ नका.' दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या गॅरेजवाल्याला मी ३०० रुपये दिले, फक्त तपासणीचे. काम त्याला मिळणार नाही हे आधीच स्पष्ट केलं. ज्याला औषध विकायचंच नाही, त्याला खोटा रोग सांगून काय मिळणार? त्याने ड्रम उघडला आणि तेच सांगितलं. 'सिलिंडर गेलाय. पॅड ठीक.'

मागचे दोन्ही सिलिंडर, नवीन लायनर, पूर्ण ब्रेक ऑइल आणि मजुरी मिळून मामांकडे झाले २,९०० रुपये. ब्रेक ऑइलबद्दल जाता जाता एक टिप. ते हवेतलं बाष्प शोषतं. पाणी मिसळलेलं ऑइल लांब उतारावर ब्रेक तापले की उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं दबतं. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत ते बदलायचंच. इथे कंजुषी नको!

'हे काम माझं नाही'

मामांकडे माझी आणखी एक तक्रार होती. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागायचा. मामांनी हात जोडले. 'ते माझं काम नाही ताई. त्यात स्फोटक असतं. शोरूमलाच न्या.'

माझ्या मते हाच परीक्षेचा शेवटचा पेपर होता. सगळं येतं म्हणणाऱ्यापेक्षा काय येत नाही ते सांगणारा परवडला. त्यामुळे मी निमूटपणे परत त्याच गारेगार लाउंजमध्ये गेले. त्यांच्या टेक्निशियनने मशीन लावलं, सीटखालचा सैल झालेला कनेक्टर शोधला, घट्ट बसवला आणि फक्त तपासणीचे ९०० रुपये घेतले. एकही नवा पार्ट खपवला नाही. बघा, म्हणजे तिथेही माणूस कोण भेटतो त्यावरच आहे!

मग शोरूमलाच जायचं कधी? एअरबॅग आणि एबीएसचं काम असेल तेव्हा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तेव्हा, कारण त्यातल्या नारिंगी केबलमधून जीवघेण्या व्होल्टेजची वीज जाते आणि ट्रेनिंग नसलेल्याने तिला हात लावू नये. वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तेव्हा. आयोगाने काहीही म्हटलेलं असो, क्लेमच्या वेळी भांडत बसण्याची ताकद आपल्यात असतेच असं नाही. कंपनीने एखाद्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर ते काम तिथे फुकट होतं, ते सोडू नका. आणि अपघातानंतर कॅशलेस क्लेम हवा असेल, तर विमा कंपनीच्या यादीतलंच गॅरेज लागतं.

बिल फाडा, फाइल करा

हिशेब लावू या. सर्व्हिसिंग ३,४००, ब्रेक २,९००, दुसरं मत ३००, एअरबॅग ९००. शिवाय टायरवाल्याकडे अलाइनमेंट-बॅलन्सिंग ७००. एकूण ८,२००. एस्टिमेट होतं १८,५००. पण मंडळी, वाचलेल्या दहा हजारांपेक्षा मला तो गळका सिलिंडर जास्त महाग वाटतो.

एक मात्र मामांकडून भांडून घेतलं. लेखी बिल! 'कशाला ताई, आपल्यात...' असं सुरू झालंच होतं. मी हसून वही पुढे केली. बिलावर तारीख, किलोमीटर, पार्टचा ब्रँड, ऑइलचा ग्रेड आणि मजुरी वेगळी लिहिलेली हवी. जीएसटी नंबर नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावला असेल, तर मात्र दाल में कुछ काला है!

ही बिलं फाइलला लावा. बाहेरच्या कामाची नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरवर जात नाही, त्यामुळे गाडी विकताना ही फाइलच तुमचा पुरावा. आणि काम बिघडलंच, तर पैसे मोजून घेतलेली सेवा म्हणून गॅरेजही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर सोपा आहे, १९१५. पण तक्रारीत पहिला प्रश्न येतो, बिल कुठंय?

शनिवारी निघालो. ताम्हिणीच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकली, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही. बाबांचा पाय त्यांच्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर दाबलेलाच होता. आई मागे घोरत होती. माणगावला चहासाठी थांबलो तेव्हा फोन वाजला. मामा!

'ताई, घाट उतरलात का? मागच्या चाकांना आतून ओलं दिसतंय का, तेवढं एकदा वाकून बघा.'

मी भर हॉटेलसमोर, चांगला कुर्ता सावरत, चारही बाजूंनी वाकून बघितलं. कोरडं ठणठणीत!

चौकट : गॅरेजवाल्याला विचारायचे सहा प्रश्न

१. हे आत्ता नाही केलं तर काय होईल? ('गाडी थांबणार नाही' आणि 'थोडा आवाज येईल' यात फरक आहे. तो त्याच्याच तोंडून ऐका.)

२. खराब पार्ट गाडीवर असतानाच दाखवता का?

३. पार्ट कुठल्या ब्रँडचा? खोकं माझ्यासमोर उघडाल का?

४. एस्टिमेट लिहून द्याल का? वाढलं तर काम करण्याआधी फोन कराल का?

५. कामाची गॅरंटी किती दिवसांची? ती बिलावर लिहाल का?

६. यातलं कुठलं काम तुम्ही करत नाही? (इथे 'सगळं करतो' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन पुढच्या गॅरेजकडे सटका!)